भिडू नसलेल्यांचा इतिहास

खेळाला काय काय लागतं, असा प्रश्न शाळेच्या पेपरात आला असता तर मैदान, चेंडू, नियम, पंच अशी यादी आपण धडाधड लिहून मोकळे झालो असतो. भिडू लागतो हे कुणीच लिहिलं नसतं. भिडू ही वस्तू नळाच्या पाण्यासारखी आहे. येत असते तोवर तिची आठवण होत नाही. आमच्या लहानपणी गल्लीत भिडूंचा एवढा सुकाळ होता, की उरलेल्या पोरांना कच्चं लिंबू ठरवून कुठेतरी कोपऱ्यात उभं करावं लागे. आज आमच्या मोशीच्या सोसायटीत चार विंग आहेत, प्रत्येक विंगेला अकरा मजले आहेत, आणि संध्याकाळी साडेपाचला खाली उभं राहून "खेळायला कोण येतंय?" अशी हाक मारली तर फक्त वॉचमन मान वर करतो.

दोष मुलांचा नाही, शिफ्टचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग एमआयडीसी आली, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि भोसरी ओलांडून थेट चाकणपर्यंत शेडला शेड लागली. ह्या पट्ट्यात नवा माणूस भेटला की त्याचं गाव कुठलं, हे मागाहून विचारतात. आधी विचारतात, "फर्स्ट का सेकंड?" फर्स्टवाला दुपारी घरी येतो तेव्हा सेकंडवाला डबा घेऊन निघालेला असतो, आणि थर्डवाला पडदे ओढून भर दुपारी रात्र करून झोपलेला असतो. त्यात साप्ताहिक सुट्टी! शाळेची आणि बँकेची रविवारी, कित्येक कारखान्यांची गुरुवारी. दोन मित्रांना एकमेकांशी बॅडमिंटनचा एक गेम खेळायचा तर आधी दोन एचआर मॅनेजरांची बैठक घ्यावी लागेल.

मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मला जमा-नावेच्या भाषेतच कळते. खेळ हा डबल एन्ट्रीचा व्यवहार आहे. मी मारला तर कुणीतरी अडवला पाहिजे, मी टाकला तर कुणीतरी टोलवला पाहिजे. आता समजा, दुसरी बाजू सापडतच नाही. बँकेत अशा वेळी आम्ही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो, म्हणजे मराठीत टांगून ठेवतो. खेळाडूंनीही नेमकं तेच केलं. त्यांनी चेंडू टांगला.

आमच्या कन्येने गॅलरीत जो चेंडू टांगला आहे, तो माझ्या मोज्यात आहे. ऑफिसचा काळा मोजा, जोडीतला डावा. उजवा कपाटात विधुर होऊन पडला आहे. "बाबा, कुणी बॉलिंगच टाकत नाही" एवढंच ती म्हणाली होती आणि दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायच्या हुकाला हे लटकलेलं दिसलं. मोज्यातला चेंडू हा शोध कुणाचा, ह्याची नोंद कुठल्या पेटंट ऑफिसात सापडणार नाही. तो घरोघरी नव्याने लागतो, आणि दर वेळी घरात एक मोजा कमी होतो.

ह्या शोधात एक गंमत आहे. एक मीटर दोरीला टांगलेली वस्तू झोका घेऊन परत यायला साधारण दोन सेकंद लावते. तुम्ही हलकी टिचकी मारा नाहीतर जरा जोर लावा, फार फरक पडत नाही. झोका फार मोठा नसेल तर वेळ ठरतो दोरीच्या लांबीवर. हे गॅलिलिओने सांगून ठेवलं आहे. हा गोलंदाज म्हणजे सरकारी नोकरासारखा, कितीही ढकला, आपल्या गतीनेच येणार. चार सेकंदांची उसंत हवी असेल तर दोरी दुप्पट करून चालत नाही, चौपट करावी लागते. म्हणजे चार मीटर. तेवढी दोरी सोडली तर चेंडू आमच्या मजल्यावरून खालच्या जोश्यांच्या गॅलरीत पोचतो. शिवाय तो सरळ बॅटने मारला तरच सरळ परत येतो. आडवी बॅट फिरवलीत की लंबवर्तुळात फिरून कानामागे येऊन बसतो. सरळ बॅटने खेळा, हे सांगायला कोच लोक महिन्याला फी घेतात. मोजा फुकट सांगतो.

एकच अडचण होती. दोरीला पीळ बसायचा, पीळ सुटताना चेंडू भोवऱ्यासारखा फिरायचा, आणि आठवड्याभरात गाठीपाशी दोरी झिजून तुटायची. समोरच्या फ्लॅटमधले काका चाकणला टूलरूममध्ये आहेत. त्यांनी तुटलेली दोरी दोन बोटांत धरून अशी न्याहाळली, की जणू रिजेक्ट झालेला जॉब आहे. कुदळवाडीची भंगाराची दुकानं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. त्याआधी कधीतरी तिथून आणलेलं एक बेअरिंग त्यांच्या डब्यात पडून होतं. ते त्यांनी हुक आणि दोरीच्या मध्ये बसवलं. झालं! आता दोरी गरगर फिरते आणि पीळ बेअरिंग खातं. त्यांना म्हटलं, "काका, ह्याचं पेटंट घ्या." ते म्हणाले, "साहेब, सेकंडला जायचंय."

बांधलेल्या चेंडूचा धाकटा भाऊ आपण सगळ्यांनी जत्रेत पाहिलेला असतो. लाकडाचा भुसा भरलेला, चकचकीत कागदात गुंडाळलेला, रबरी दोरीचा चेंडू. दोरीची कडी बोटात अडकवायची, चेंडू फेकायचा, तो परत तळहातावर. मोरया गोसावींच्या चिंचवडात जन्मलेला माणूस खोटं बोलणार नाही. ह्या चेंडूचं आयुष्य जत्रेपासून घरापर्यंतच. घरी पोचेस्तोवर कागद फाटलेला, भुसा खिशात आणि रबर बोटात. पण तेवढ्या रस्त्यात पोराला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतल्या शाळांच्या आवारात हाच चेंडू दोरीने उंच खांबाला बांधतात. दोघांनी दोन बाजूंनी तो उलटसुलट मारायचा आणि ज्याच्या दिशेने दोरी खांबाला पूर्ण गुंडाळली जाईल तो जिंकला. त्यात दोष एवढाच, की एकटा मारत सुटला तर चार फेऱ्यांत दोरी संपते आणि खेळही. मग कुणीतरी डोकं चालवून खांबाच्या टोकाला स्क्रूसारखं मळसूत्र बसवलं. दोरीची कडी त्यावर चढते आणि उतरते, खांबाला गुंडाळली जातच नाही. स्विंगबॉल नावाने मिळणाऱ्या खेळात हीच करामत आहे. आता एकट्याने रॅकेट घेऊन मारत बसलं तरी चेंडू फेरी मारून आपल्याकडेच येतो. हरलो तर स्वतःशी, जिंकलो तरी स्वतःशी, आणि चीटिंगवरून भांडण नाही.

ज्यांना दोरी नको होती त्यांनी भिंत धरली. भिंत धरणाऱ्यांचा शिरोमणी म्हणजे डॉन ब्रॅडमन. ऑस्ट्रेलियात बाउरल नावाच्या लहानशा गावात, घरामागे पाण्याच्या टाकीला विटांचा गोल चौथरा होता. त्यावर हा पोरगा गोल्फचा चेंडू फेकायचा आणि तो वेडावाकडा उसळून आला की स्टम्पने मारायचा. बॅटने नव्हे, स्टम्पने! आसपास खेळायला पोरं नव्हती म्हणून. पुढे त्याची कसोटीतली सरासरी ९९.९४ झाली. लोक ह्या आकड्याला नमस्कार करतात. मी बँकेतला माणूस, मला तो बघवत नाही. सहा पैशांचा फरक! आमच्याकडे असता तर रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उपसत बसवला असता. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा काढल्या असत्या तरी खातं शंभराला जुळत होतं. तो शून्यावर बाद झाला.

पण खांबाचा विषय मघाशी निघालाच आहे, तर आपल्या खांबाकडे यायला हवं. कारण भिडू मिळत नाही म्हणून लाकडाचा भिडू करण्यात महाराष्ट्राचा हात कुणी धरू शकत नाही.

दुसऱ्या बाजीरावाचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो. त्याच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला फारसं काही सापडत नाही, हे खरं. पण एक नोंद आहे, बाळंभटदादा देवधर. हे बाजीरावाच्या पदरचे मल्लविद्येतले गुरू. कथा अशी सांगतात, की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन अजस्र पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात जोड मागितली. समोर जायला कुणी धजेना. बाळंभट तेव्हा पोरसवदाच होते, पण त्यांनी आव्हान घेतलं आणि तयारीला मुदत मागून घेतली. इथे खरी अडचण सुरू होते. तयारी करायची कुणाबरोबर? गुलाबसारखा पैलवान सरावाला मिळाला असता तर तोच आखाड्यात उतरवला नसता का! आख्यायिका म्हणते, बाळंभट सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले, तिथे देवीची उपासना केली आणि झाडावरच्या वानराच्या करामती पाहून त्यांना खांबावरची विद्या सुचली. खाली आले ते खांबाशी झुंजून तयार होऊनच. गुलाबला त्यांनी चीत केलं आणि अलीने मग कुस्ती घेतलीच नाही.

वानराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. इतिहासाचं म्हणणं असं, की कल्पना त्याहून जुनी आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास ग्रंथात मल्लांच्या व्यायामात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. म्हणजे खांब सहाशेहून अधिक वर्षं आधीचा, पण त्याला पुन्हा उभा करून शिष्य तयार केले ते बाळंभटांनी. १८१८ साली पेशवाई गेली, बाजीराव बिठूरला गेले, त्यांच्यामागून बाळंभट गेले आणि ही विद्या गंगेकाठीही पोचली. राज्य बुडालं, खांब तरला.

ह्या खांबाकडे एकदा नीट बघा. सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर साधारण साडेआठ फूट, खाली जाड, वर निमुळता होत गेलेला. त्याच्या भागांची नावं काय, तर अंग, मान आणि बोंड! म्हणजे बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाकूड नव्हतंच, माणूस होता. कमरेला पायांचा विळखा घालायचा, मानेला हात टाकायचा, पकड सुटली की पुन्हा धरायचं. त्यावर एरंडेल चोळतात, त्यामुळे तो घामाने निथळलेल्या पैलवानासारखा निसटतोसुद्धा. फक्त उलटा डाव टाकत नाही. आणि दमत नाही. त्याचा धाकटा अवतार म्हणजे टांगता मल्लखांब. साखळीला अडकवलेला, झुलणारा आणि स्वतःभोवती फिरणारा. आमच्या गॅलरीतला मोजा ह्याच घराण्यातला, फक्त दूरच्या नात्यातला. तिसरा वेताचा मल्लखांब. पुढे चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोरी आली आणि तो दोरीचा मल्लखांब झाला.

आणि मग मोठी मजा झाली. अढी, तेढी, दसरंग, वेल, सुईदोरा असे एकाहून एक प्रकार खांबावर रचले गेले आणि करता करता लोक कुस्तीलाच विसरले. ज्याच्याशी लढायची तयारी करायची तो गुलाब गेला, अली गेला, तयारी तेवढी उरली, आणि तीच खेळ होऊन बसली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिकडे जाऊन देशी व्यायामप्रकार दाखवले. १९८१ साली मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, २०१९ साली मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि २०२४ साली दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे ह्यांना ह्या खांबासाठी पद्मश्री मिळाली. आज खांबावरच्या पोराला "ह्यानंतर कुस्ती कुणाशी?" असं विचारलंत तर तो तुमच्याकडे दया आल्यासारखं बघेल.

लेझमीचं तेच. गणपतीच्या मिरवणुकीत आपण जी झणझण नाचवतो, ती मुळात धनुष्य ओढण्याच्या सरावाची वस्तू. वाकवलेला दांडा आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी. बाण नाही, नेम नाही, समोर शत्रू नाही. दंडात ताकद यावी म्हणून एकट्याने ओढत बसायचं. लढाईतून धनुष्य गेलं, पण आपल्या लोकांनी लेझीम काही खाली ठेवली नाही. साखळीला चकत्या लावून घेतल्या आणि शंभरजणांनी मिळून नाचायला घेतली.

इंग्रजांनी मात्र खांबाऐवजी यंत्र केलं. १८३० च्या सुमाराला लंडनकडे वॉनोस्ट्रोक्ट नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी गोफणीच्या तत्त्वावर चेंडू फेकणारं यंत्र बनवलं आणि त्याला कॅटापुल्टा असं नाव दिलं. ते क्रिकेट खेळायचे ते फेलिक्स ह्या टोपणनावाने, कारण मास्तर चेंडूफळी खेळतात हे पालकांना कळलं तर पोरं शाळेतून काढतील ही भीती. (टोपणनावाने विनोदी लिहिणाऱ्या बँक क्लार्काला ह्या गृहस्थांविषयी किती आपुलकी वाटत असेल, ह्याची वाचकांनी कल्पना करावी.) पुढे जॉन व्हेन आले. हो तेच, ज्यांच्या एकमेकांत घुसलेल्या वर्तुळांनी आपल्या गणिताच्या वह्या भरल्या. त्यांनी बनवलेल्या यंत्राने १९०९ साली केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातल्या एका नामांकित फलंदाजाचा चार वेळा त्रिफळा उडवला. २०२४ साली केंब्रिजच्या इंजिनिअरांनी हे यंत्र पुन्हा बनवून पाहिलं. टेनिसमध्ये फ्रान्सच्या रने लाकोस्तने १९२० च्या दशकात चेंडू फेकणारं यंत्र केलं. शर्टावरची मगर ती ह्याचीच.

पण इतका खटाटोप आणि खर्च ज्यांना परवडत नव्हता, किंवा ज्यांना त्याची गरजच नव्हती, असे साहेब आमच्या जवळच राहत होते. आकुर्डीहून लोकल पकडली तर पुणे स्टेशनपर्यंत तासही लागत नाही, तिथून पूना क्लब हाकेच्या अंतरावर. १८९० नंतरच्या वर्षांत त्या क्लबात एक तरुण नोकरीला होता, बाळू पालवणकर. चांभाराच्या घरातला, मूळ कोकणातला, पुण्यात वाढलेला. पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवणं, जाळी बांधणं, टेनिस कोर्टाच्या रेघा आखणं ही कामं. आणि सराव करणाऱ्या साहेबांना गोलंदाजी करणं, हेही काम. कॅप्टन ग्रेग म्हणून एक पट्टीचे फलंदाज होते. ते इतरांच्या आधी तासभर येत आणि बाळूला चेंडू टाकायला लावत. बाळूने आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. रोज, महिनोन् महिने.

हिशेब बघा. ग्रेगसाहेबांना भिडू हवा होता, पण खेळाच्या व्यवहारातला बरोबरीचा भिडू नव्हे. खांबासारखा हवा होता. बोलावलं की उभा, दमला तरी न सांगणारा, उलटा डाव न टाकणारा. बाळू मात्र डावखुरा फिरकी गोलंदाज होता, आणि हजारो चेंडू टाकता टाकता असा तयार झाला की त्याच्या तोडीचा गोलंदाज हिंदुस्थानात उरला नाही. साहेब सराव करायला येत होते, आणि सराव बाळूचा होत होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूने ११४ बळी घेतले. साहेबांच्या देशात, साहेबांच्या खेळपट्टीवर.

पुण्याच्या हिंदू क्लबालाही बाळू हवा होता, साहेबांना हरवायचं म्हणून. मैदानावर त्याने दिलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळेला मात्र तो बाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यात. बाकीच्यांचा कपबशीत. चेंडू कातड्याचा असतो आणि कातडं कोण कमावतं, हा हिशेब त्या दिवसांत कुणी मांडल्याचं दिसत नाही. पुढे मुंबईत त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. बाळूला ते कधी मिळालं नाही. पूना क्लबातल्या दिवसांबद्दल त्याने म्हातारपणी मुलाला एक गोष्ट सांगितली होती. इतकी वर्षं त्या जाळीत चेंडू टाकले, पण एकदाही कुणी हातात बॅट दिली नाही.

आमच्याकडे हल्ली जागोजागी टर्फ झाली आहेत. परवा कन्येला घेऊन अशा एका ठिकाणी गेलो. मशीनवर अर्धा तास बॅटिंग, आगाऊ पैसे. दोन चाकं घुर्रर्र फिरतात आणि त्यांच्यामधून चेंडू सुटतो. कन्या खूश, कारण चेंडू मोज्यात नव्हता. मशीनच्या मागे उलट्या बादलीवर पंधरासोळा वर्षांचा एक पोरगा बसला होता. एकेक चेंडू उचलायचा, हात वर करून दाखवायचा आणि चाकांत सोडायचा. मध्येच उठून सगळे चेंडू गोळा करून आणायचे. अर्ध्या तासात तो एक शब्द बोलला नाही. निघताना मी विचारलं,

"काय रे, तू खेळतोस का नाही?"

"खेळतो की. सगळे गेले की खेळतो."

"मग तुला बॉल कोण टाकतं? मशीन?"

"मशीनचं लाइटबिल येतं, काका," तो म्हणाला, आणि मागच्या कंपाउंडकडे मान वळवली. "भिंत हाय ना."